बाहुलीच्या पोटातलं कातरण

मी बायकांचे ब्लाउज शिवते. कसबा बावड्यात, साखर कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या बोळात, घराच्या पुढच्या खोलीत माझं मशीन आहे. आता त्याला मोटर बसवली आहे, पण पाय अजून सवयीनं हलतात. बोळातल्या प्रत्येक बाईचं माप मला पाठ आहे. कोण बाळंतपणानंतर सुटली, कुणाचा एक खांदा उतरता आहे, कोण माप घेताना पोट आत ओढते आणि मग ब्लाउज घट्ट झाला म्हणून माझ्या नावानं खडे फोडते, सगळं मला माहीत असतं. माझी जीभ तिखट आहे, हे मला कुणी सांगायला नको. तरी बायका येतात, कारण माझी बाही काखेत काचत नाही.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. ब्लाउज बेतून कापला की खाली उरतं ते कातरण. बोटभर पट्ट्या, त्रिकोण, गळ्यातून निघालेला अर्धा चंद्र. बऱ्याच वयस्कर बायका कापड देतानाच सांगतात, "कातरण परत द्या हं." का, ते त्या बोलत नाहीत आणि मीही विचारत नाही. अंगाच्या कापडाचा तुकडा, डोक्याचे केस आणि पायाखालची माती परक्याच्या हाती पडू द्यायची नाही, हे लहानपणापासून कानावर पडलेलं असतं. मागणाऱ्यांना मी पिशवीत घालून देते. न मागणाऱ्यांचं मशीनखालच्या पोत्यात जातं. तरण्या सुना मागत नाहीत. त्यांना तेवढी सवड कुठली.

काही वर्षांपूर्वी मंडईजवळचा पूजेच्या सामानाचा दुकानदार एक काळी बाहुली घेऊन माझ्याकडे आला. तळहाताएवढी, दोऱ्याचे डोळे, लाल तोंड. त्याला बाहुल्या शिवून देणारी म्हातारी लेकीकडे कायमची राहायला गेली होती.

"वैनी, असल्या करून द्याल काय? शनिवारी आन् अवसंला लई खपत्यात."

मी हो म्हटलं. हातात रिकामा वेळ होता आणि बाहुली म्हणजे काय, दोन तुकडे जोडायचे आणि उलटून भरायचे. काळं कापड कुठून आणायचं हा प्रश्न बोळाच्या तोंडाशी बसणाऱ्या छत्रीवाल्या चाचांनी सोडवला. त्यांचं घराणं तीन पिढ्या बावड्यात आहे, छत्र्या आणि कुलपं दुरुस्त करतं. मोडक्या छत्र्यांचं कापड त्यांच्याकडे ढिगानं पडलेलं असे. "घ्या की," ते म्हणाले, "एवढी वर्सं ऊन लागू दिलं न्हाय हिनं. आता नजर लागू द्यायची न्हाय."

पहिल्या डझनावर दुकानदार नाराज झाला. "वैनी, ह्या लई देखण्या केलासा! हिला बघून नजर उतरायची न्हाय, हिचं लगीन ठरंल." मला वाकडं शिवताच येत नाही, त्याला मी काय करू. मग त्यानं स्टुलावर बसून मला त्याच्या दुकानातली विद्या सांगितली. माणसाची वाईट नजर पहिल्यांदा जिथं पडते तिथंच विरते. म्हणून ट्रॅक्टरच्या आधी, नव्या घराच्या आधी ही बाई दिसली पाहिजे, आणि ती कुरूप पाहिजे. तिच्या खाली तारेत कोळसा ओवायचा, कारण तो आधीच जळालेला, त्याला आणखी कोण जाळणार. बिब्बा ओवायचा, कारण त्याचं तेल अंगाला लागलं की फोड येतात. मिरची झोंबते, लिंबू दूध नासवतं. प्रत्येक वस्तू वाइटाच्या एका एका जातीला पुरून उरणारी. मला ते ऐकायला आवडलं. मला त्यात कुठं भूत दिसलं नाही, हिशेबी माणसाचं डोकं दिसलं. मी एका डोळ्याचा टाका मुद्दाम तिरपा घालायला लागले आणि बाहुल्या खपायला लागल्या.

पोटात भुसा भरा, असं तो म्हणाला होता. भुशाला किडे होतात. मी मशीनखालचं पोतं ओढलं आणि कातरण भरलं. माझी चूक ती हीच. त्या वेळी मला ती चूक वाटलीच नाही. उलट कापड वाया जात नाही म्हणून मी स्वतःवर खूश होते. बावडा, वडणगे, शिये, कुठं कुठं उसाच्या ट्रॅक्टरपुढे माझ्या बाहुल्या डुलत गेल्या, आणि त्यांच्या पोटात आमच्या बोळातल्या बायकांचे गळे, बाह्या आणि पाठी होत्या.

बोळाच्या टोकाला एक शेतकऱ्याचं घर आहे. चार म्हशी, थोडा ऊस, दोन मुलगे, दोन सुना. थोरली सून निपाणीकडची. कमी बोलणारी, पहाटे उठून चारी म्हशींच्या धारा काढणारी. गोठा तिच्या एकटीचाच म्हणायचा. तिला एक मुलगी, पाचवीत. धाकटी सून तिकडं पन्हाळ्याच्या बाजूची, हसरी, दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली. तिच्या लग्नातला हिरवा बुट्ट्यांचा ब्लाउज मीच शिवला होता. दिवस गेल्यावर ती लाजत माझ्याकडे आली आणि चार ब्लाउज टाकून गेली. "काकू, सैल करून ठेवा. पुढं लागतील." मी चारही उसवून सैल केले. ते न्यायला ती आलीच नाही. चौथ्या महिन्यात तिचं पोट पडलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होतं कधीकधी, कारण सांगता येत नाही.

कारण सांगता येत नाही, हे वाक्य कुठल्याच घराला पचत नाही. त्या घरालाही पचलं नाही.

पंधरा दिवसांनी गोठ्यात वैरणीची गंज हलवताना तळाशी एक काळी बाहुली सापडली. पालथी, चिखलानं माखलेली, एका बाजूनं उंदरानं कुरतडलेली. त्या भोकातून हिरवं काहीतरी दिसत होतं. सासूनं ती फाडली. आत हिरव्या बुट्ट्यांचा तुकडा निघाला, आणि धाकटीनं तो ओळखला.

मला हे बचत गटाच्या ग्रुपवर कळलं. वर्तमानपत्रावर ठेवलेल्या फाटक्या बाहुलीचा फोटो होता आणि खाली, "आपल्याच बोळात असली माणसं हायत, सावध ऱ्हावा." मी दोन बोटांनी फोटो मोठा केला. तिरपा डोळा. तोंडाच्या टोकाला दुहेरी गाठ, मी हुकाला मारते तशी. बाहुली माझीच होती. मी फोन पालथा ठेवला.

हीच बाहुली ट्रॅक्टरपुढे टांगलेली असती तर तिच्याकडे कुणी मान वर करून पाहिलं नसतं. वैरणीखाली सापडली म्हणून ती करणी झाली. वस्तू तीच, छत्रीचं कापड तेच, माझी गाठ तीच.

त्या घरातली माणसं करणी-बाधा बघणाऱ्या एका जाणत्याकडे जाऊन आली. घरातल्याच बाईचा हात आहे आणि तिचा वावर जनावरांत आहे, असं त्यानं सांगितलं. यासाठी जाणता कशाला हवा होता, गोठ्यात कोण जातं हे शेंबडं पोर सांगेल. जावेचा ब्लाउज चोरून कापला, मुलगा होईल या जळफळाटानं करणी केली, असं थोरलीच्या नावावर पक्कं झालं. तिचं चुलीला शिवणं बंद झालं. तिच्या हातचा चहा कुणी घेईना. गोठा मात्र तिनंच करायचा, कारण चार म्हशींच्या धारा काढायला दुसरं कोण होतं! त्या आठवड्यात त्या घराचं दूध रोज डेअरीला जात होतं आणि त्या दुधाला तिच्या हाताचा विटाळ कुणाला लागला नाही.

रात्रीच्या जेवणाला मी मालकांना सगळं सांगितलं. ते कारखान्यात कामाला, सीझनमध्ये आधीच वैतागलेले.

"तुझं नाव निघालंय काय त्यात?"

"नाही."

"मग गप बस. उद्या बोळातल्या बायका म्हनतील, हीच आमच्या कापडाच्या बाहुल्या करून इकतीया. चेटकीण म्हनून तुलाच धरतील. आन् ब्लाउज कोण टाकंल तुझ्याकडं?"

त्यांचं काही चुकत नव्हतं. मी गप बसले. आठ दिवस. एरवी कुणाच्या बाहीला नावं ठेवायला माझं तोंड पुढे, आणि इथं दातखीळ बसली. त्याची लाज मला आजही वाटते आणि ती वाटावी म्हणूनच मी हे लिहिते आहे. आठ दिवस मी मशीन चालवत होते आणि प्रत्येक कातरण पोत्यात टाकताना हात थांबत होता.

नवव्या दिवशी दुपारी थोरली आली. पदर डोक्यावर, हातात लेकीच्या शाळेचा निळा स्कर्ट, नवाच शिवलेला, पण कमरेला आणि लांबीला बराच मोठा. स्कर्ट तिनं माझ्यापुढे पसरला.

"काकू, ह्यो आता तिच्या मापाचा करा. पर कापू नका. सगळं आत दुमडा. कमरंला बी, खाली बी."

"शिवणीत एवढी माया कशाला ठेवायची? पुढच्या वर्षी नवा शिवू की."

"मी रविवारी म्हायेरी, आमच्या अव्वाकडं जातीया, कायमची. लेकीला हितंच ठेवायचं म्हन्त्यात." तिनं स्कर्टच्या काठावरून बोट फिरवलं. "वर्साला दोन बोटं सोडली तरी धाव्वीपतुर पुरंल. टाका साधा घाला. तिचं तिला उसवाय आलं पायजे."

मी शिवणारी बाई. रडणं, शिव्या, भांडण, या कशानं मी हलले नसते कदाचित. पण पाच वर्षांची वाढ एका स्कर्टच्या काठात दुमडून ठेवायला सांगणारी आई समोर बसली होती, आणि ज्या तुकड्यापायी ती चालली होती तो माझ्या पोत्यातून गेला होता. मी स्कर्ट ठेवून घेतला. "शनिवारी ने," एवढंच म्हणाले. ती गेल्यावर मला स्वतःचा इतका राग आला की मी मशीनचा पट्टा काढून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक ड्युटीवर गेले. दुकानदारासाठी तयार असलेल्या अकरा बाहुल्या मी पिशवीत घातल्या, कात्री घेतली आणि त्या घरी गेले. सासू अंगणात शेंगा फोडत बसली होती, शेजारच्या दोघीतिघी होत्या. धाकटी उंबऱ्यात बसलेली. थोरली गोठ्यात होती, शेण ओढल्याचा आवाज येत होता. सासरा कट्ट्यावर तंबाखू मळत होता.

"मावशी, ती बाहुली मी शिवलीय," मी उभ्यानंच म्हटलं.

सासूच्या हातातली शेंग तशीच राहिली. "काय बोलतीस?"

"मी शिवते आणि दुकानात देते. पोटात कातरण भरते. तुमच्या सुनेनं काही चोरलं नाही. ह्या धाकटीचा ब्लाउज मी शिवला, त्याचं कातरण माझ्याकडेच राहिलं होतं."

"तिला वाचवाय आलीयास व्हय? किती दिलं तिनं?"

मी वाद घातला नाही, तेवढं शहाणपण त्या दिवशी मला कुठून आलं कोण जाणे. मी खाली बसले, पिशवी उपडी केली आणि पहिली बाहुली कापली. तिच्या पोटातून पिवळा तुकडा निघाला, निळा निघाला, एक लेस निघाली. शेजारची एकजण पुढे वाकली. "अगं बया, ह्यो माझ्या भाचीच्या लग्नातला!" दुसरी बाहुली कापली. तिसरी. बायका तुकडे उचलून बघायला लागल्या, आपापलं ओळखायला लागल्या. भीती राहिली बाजूला, कुणाचा रंग गेला आणि कुणाचं सूत अजून कसं टिकलंय याची चर्चा सुरू झाली. पाचव्या बाहुलीच्या पोटातून जांभळ्या खणाचा काठासकट त्रिकोण पडला. तो काठ त्या बोळात एकाच बाईचा होता. सगळ्यांनी सासूकडे पाहिलं. तिनं स्वतःच्या दंडाकडे पाहिलं. तिच्या अंगात तोच ब्लाउज होता.

"मावशी," मी म्हटलं, "मग तुमच्यावर कुणी केली करणी?"

कट्ट्यावरून सासऱ्याचा आवाज आला. "ती बाहुली मीच आनलेली की. गेल्या पाडव्याला. म्हस गाभण हुती म्हनून गोठ्याच्या तुळीला बांधली हुती. सुतळी कुजून गंज रचायच्या आदीच पडली आसंल."

"मग इतकं दिस बोलला न्हाईसा का वो?" सासू ओरडली.

"मला कुनी इचारलं?" म्हातारा म्हणाला आणि तंबाखूची चिमूट दाढेखाली ठेवली.

मला त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. पण कुठल्या तोंडानं जाणार? मलाही कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही आठ दिवस काढले होते. गोठ्यातला शेण ओढल्याचा आवाज थांबला होता. थोरली दाराशी उभी होती. तिनं फावडं भिंतीला टेकवून हातपाय धुतले आणि चुलीपाशी जाऊन चहाचं आधण ठेवलं. त्या दिवशी तो चहा सगळ्यांनी घेतला. तिचं निपाणीला जाणं राहिलं.

मालक म्हणाले तसंच पुढे झालं. गटाच्या बायका आपापलं कातरण मागायला आल्या, एकीनं तर दारात उभी राहून माझा उद्धार केला. लग्नसराईत निम्मे ब्लाउज दुसरीकडे गेले. एक बाई माझ्या दारावरून जाताना पोराचं तोंड पदरानं झाकायची, तिच्या पोराचं अंगडं-टोपडं मीच शिवलेलं. मी बाहुल्या बंद केल्या. हळूहळू बायका परत आल्या. काखेत काचलं की माणूस परत येतं.

महिनाभरानं धाकटी आली. ते चार सैल केलेले ब्लाउज माझ्या कपाटात तसेच होते. "परत पयल्यासारखं करा," ती म्हणाली. मी माप घ्यायला उठले तर ती स्टुलावर बसूनच राहिली.

"काकू, तुम्ही सांगितलासा ते खरं हाय. आक्कानं काय केलं न्हाय. मला तवाबी आतनं वाटत हुतं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मग माझं कशानं गेलं?"

त्या बाहुलीनं तिला खोटं का होईना एक उत्तर दिलं होतं, कुणावर तरी राग धरायची सोय दिली होती, आणि मी कात्रीनं ती फाडून टाकली होती. मला ते केल्याचा पश्चात्ताप नाही. पण त्या पोरीचा चेहरा बघून वाईट फार वाटलं. "मला नाही माहीत गं," मी म्हटलं. तिनं मान हलवली. मी चार ब्लाउज आवळेपर्यंत ती तिथंच बसून राहिली, आणि मला वाटतं तिला घरी जायचं नव्हतं.

दिवाळीच्या आधी थोरली आली, दोन खण घेऊन, एक स्वतःचा आणि एक धाकटीचा. दोघींचं आता बरं चाललं आहे, असं बोळात सगळे म्हणत होते. मलाही तसंच वाटत होतं. खरं सांगायचं तर मी तिला सोडवलं, याचा मला आतून थोडा ताठाही आला होता. मी पावती लिहिली आणि न विचारताच म्हटलं, "तुझं कातरण तुला परत देते हं. आता सगळ्यांना देते."

"माझं ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं," ती म्हणाली. "काय बी करा त्याचं. तिचं तेवढं तिच्या हातात द्या. सगळंच्या सगळं."

"तिनं मागितलंय?"

"न्हाय. तिला कशाला पायजे? मला पायजे." ती चप्पल घालायला वाकली, आणि वाकल्या वाकल्याच बोलली. "पुन्यांदा तिचं काय वाईट झालं आन् घरात तिच्या कापडाचा तुकडा घावला, तर नाव माझंच निघंल. तवा तुमी याल का न्हाय कुनाला ठावं?"

ती गेल्यावर मी धाकटीचा खण वेगळा काढला. मग फरशीवर पांढरी चादर अंथरली आणि तिच्यावर बसून कापायला घेतलं. तेव्हापासून धाकटीचं कापड मी चादरीवरच कापते, आणि शेवटी चादर झटकत नाही. एकेक तुकडा, एकेक दोरा वेचून पिशवीत भरते आणि तिच्या हातात देते.